कुमाची बोट आणि पोरीचं नाव

तेकियाहून क्लादोव्होला मोटारीने जायला एक सिगारेट पुरते. बोटीने अर्धा दिवस जातो, आणि तो अर्धा दिवस लोक आपल्याकडे बघतात. म्हणून माझ्या नवऱ्याने, मिलिसावने, ठरवलं की ओग्नेनच्या पोरीच्या बाप्तिस्म्याला आपण बोटीनेच जायचं.

"कुम येतो तेव्हा कळलं पाहिजे की कुम आला," तो म्हणाला.

"वेळेवर आला तरी कळतं," मी म्हटलं. पण हे पालथ्या घड्यावर पाणी.

बोट म्हणजे पांढऱ्या प्लास्टिकची एक होडी. तिला एक खोपट आहे. त्यात दोन माणसं बसू शकतात, त्यांतला एक मिलिसाव नसेल तर. निवृत्तीचे पैसे हातात आले त्याच आठवड्यात त्याने ती घेतली, आणि तिच्या नाकाडावर पितळी अक्षरांची पाटी ठोकली: दुनावका. आमच्या दुनाव नदीची, म्हणजे डॅन्यूबची, लेक, म्हणे. बोटीबरोबर त्याने पांढरा गणवेशही शिवून घेतला, खांद्यावर सोनेरी फिती लावून. तरुणपणी तो नौदलात होता हे खरं. दीड वर्षं बटाटे सोलले हेही खरं, पण ते फक्त मला माहीत आहे.

आता कुमाचं सांगते. आमच्याकडे कुम होणं साधी गोष्ट नाही. लग्नात नवऱ्यामुलाशेजारी उभा राहतो तो कुम, आणि पुढे त्याच्या मुलांना बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरतो तोही कुमच. कुमाची बायको ती कुमा. हे नातं बापाकडून मुलाकडे येतं. मिलिसावचा बाप ओग्नेनच्या बापाचा कुम होता. भावाशी भांडता येतं, कुमाशी नाही. आणि मुलाचं नाव ठेवतो तोही कुमच. आईबापांनी सुचवायचं नाही, विचारायचं नाही, आधी ऐकायचंसुद्धा नाही. पाद्री चर्चमध्ये विचारतो, कुम सांगतो, संपलं. हल्ली शहरातले लोक कुमाच्या कानात आधीच सांगून ठेवतात म्हणे. तेकियात अजून तशी पाळी आलेली नाही. आईला तर आतही येता येत नाही. ती बाहेर अंगणात बसते आणि कोणीतरी धावत येऊन नाव सांगेल याची वाट बघते.

तर ही आई म्हणजे आंजेलिया, ओग्नेनची बायको. तिची आई गेल्या हिवाळ्यात गेली. तिचं नाव रुझा. रुझा म्हणजे गुलाब, आणि बाई नावासारखीच होती, काट्यांसकट. माझी मैत्रीण. पोर पोटात होती तेव्हाच रुझा गेली, आणि तेव्हापासून आंजेलियाने आईचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. घशात अडकतं, म्हणायची. पोरीला ते नाव मिळावं एवढंच तिला हवं होतं. पण मागणार कुणाकडे? कुमाकडे मागता येत नाही.

म्हणून तिने न बोलता, आडून सुचवायला सुरुवात केली. मिलिसाव घरी गेला की पाहुण्याला द्यायचा गोड चमचा आणि पाण्याचा पेला आणायची. चमच्यात काय? गुलाबाच्या पाकळ्यांचा मुरंबा. दर वेळी गुलाबाचाच. दारात गुलाबाची कुंडी, टेबलावर गुलाब भरलेला कापडी रुमाल, भिंतीवर रुझाचा फोटो, तोही मिलिसावच्या खुर्चीसमोर. एवढं सगळं बघून हा माणूस काय म्हणाला?

"पोरी, मुरंबा छान आहे. पण पुढच्या वेळी आलुबुखारचा कर."

त्या दिवशी ती स्वयंपाकघरात मला बिलगून रडली. "कुमा, मी काही मागत नाही हं," ती म्हणाली. "मी फक्त रडतेय."

"रड," मी म्हटलं. "मी बघते काय ते."

बघते म्हटलं खरं, पण मला ठाऊक होतं की घोडं कुठे अडलंय. आदल्याच दिवशी दाढी करताना हा आरशासमोर छाती काढून म्हणत होता, "मी हिचं नाव ठेवतो... दुनावका!" होडीचं नाव. एका निरपराध लेकराला हा माणूस होडीचं नाव देणार होता. शाळेत पोरं तिला वल्ही कुठायत म्हणून विचारतील, लग्नात नांगर कुठाय म्हणून.

बाप्तिस्म्याच्या सकाळी पोर, आंजेलिया आणि बाकीचे पाहुणे मोटारींनी निघून गेले. बोटीवर आम्ही तिघं: गणवेशातला मिलिसाव, मांडीवर तीन थरांचा अक्रोडाचा केक धरलेली मी, आणि ओग्नेन. ओग्नेन बेकरीत काम करतो. मऊ माणूस आहे, त्याच्या पावासारखा. कुमाने "माझा खलाशी हो" म्हटल्यावर त्याला नाही म्हणता आलं नाही. माझ्या पर्समध्ये कात्री होती, नवी कोरी, लाल रिबीन बांधलेली. कुम बाळाची पहिली बट कापतो, त्यासाठी.

धरणाजवळ पोचलो. तिथे बोटींना पलीकडच्या खालच्या पाण्यात उतरवायला दोन दारांचा एक प्रचंड हौद आहे, त्याला लॉक म्हणतात. मिलिसावने रेडिओचा माइक उचलला. घरून निघाल्यापासून तो माइक त्याने हातातून खाली ठेवला नव्हता.

"लॉक, लॉक! इथे जहाज दुनावका, कप्तान मिलिसाव. मार्ग द्या."

"कुठलं जहाज?" पलीकडून आवाज आला. "आम्हाला जहाज दिसत नाही."

"पांढरं!"

"अच्छा, ती होडी होय! तुमच्या एकट्यासाठी एवढं पाणी सोडत नाही, कप्तान. मालाच्या बार्जांचा ताफा येतोय, त्याच्या मागून आत या. तोवर बाजूला थांबा आणि रेडिओ मोकळा ठेवा."

नियम सगळ्यांना माहीत आहे, मिलिसावलाही. पण त्याला वाटलं होतं की गणवेश बघून नियम लाजेल.

थांबलो. ऊन चढलं. केकवरचं क्रीम घाम गाळायला लागलं. वरच्या रस्त्यावरून आमचेच पाहुणे हॉर्न वाजवत, हात हलवत क्लादोव्होला गेले. काठावरच्या एका गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्याने हाक मारली, "मिलिसाव! नांगर टाकलायस का बोट विकायला काढलीस?"

ओग्नेनचा फोन वाजला. पाद्री म्हणत होते की पुढे एक लग्न आहे, उशीर झाला तर बाप्तिस्मा पुढच्या रविवारी.

"मिलिसाव, मोटार बोलावू," मी म्हटलं.

"कुम रस्त्याने जाईल? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, आला बाबा एकदाचा."

"कुमा, जाऊ दे," ओग्नेन हळूच म्हणाला. "कुमांना आवडतंय तर..."

"तुझी पोर आहे ना रे ती? मग जरा तोंड उघड!"

"पोर माझी, पण नाव कुमांचं," तो म्हणाला.

शेवटी ताफा आला. ढकलणारी एक थोराड बोट आणि तिच्यापुढे दोरांनी बांधलेले धान्याचे बार्ज. सगळे आत गेले, आणि म्हशींच्या मागून करडू जावं तसे आम्ही शेपटाला. मागचं दार बंद झालं. आता पाणी उतरणार आणि त्याच्याबरोबर आम्ही सगळे खाली जाणार, पुढचं दार उघडेपर्यंत. भिंती ओल्या, हिरव्या, आणि पाणी उतरू लागलं की चर्चच्या मनोऱ्याहून उंच वाटतात.

त्या भिंतींत तरंगते खुंटे आहेत. पाणी उतरलं की तेही उतरतात. दोर त्यांना अडकवला की लहान मूलही बोट सांभाळेल. पण मिलिसाव खुंट्यापर्यंत गेलाच नाही.

"तिथे त्यांच्या इंजिनाचा धूर येतो. गणवेश काळा होईल. ओग्नेन, ती शिडी पकड!"

शिडी भिंतीत पक्की बसवलेली. ती कुठेही जात नाही. तिच्या पायरीतून दोर ओवून घ्यायचा, टोक हातात ठेवायचं आणि पाणी उतरेल तसा सोडत जायचा. हे मी ओग्नेनला दोनदा सांगितलं. "हातात धर. गाठ मारू नको. काहीही झालं तरी गाठ मारू नको." त्याने मान हलवली आणि पुढे नाकाडावर जाऊन बसला. मागचा दोर मिलिसावने माझ्या हातात दिला, कारण त्याच्या एका हातात माइक होता आणि दुसरा कमरेवर ठेवायचा होता. केक मी खोपटाच्या टपावर ठेवला.

पाणी उतरायला लागलं. मला वाटलं, हीच वेळ आहे. इथून हा उठून जाऊ शकत नाही.

"मिलिसाव," मी हळू आवाजात म्हटलं, "ते नाव नको ठेवू."

"कोणतं नाव?"

"मला माहितेय कोणतं. आरशाला पण माहितेय."

"स्तामेना, कुमाच्या कामात नाक खुपसू नको. नाव ठरलंय, आणि झकास ठरलंय. ऐकायचंय? ऐक! नाव आहे..."

"नको!" नाकाडावरून ओग्नेन किंचाळला. "कुम, माझ्यासमोर नको! चर्चच्या आधी बापाने ऐकलं तर पोरीचं वाईट होतं!"

आणि या शहाण्याने काय करावं? कानात बोटं घालायला दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून त्याने हातातला दोर शिडीला करकचून बांधला. एक गाठ, दुसरी गाठ, तिसरी गाठ. मग कानात बोटं घातली. वर डोळेही मिटले, का कुणास ठाऊक. बहुतेक नाव डोळ्यांतूनही आत शिरेल अशी भीती वाटली असेल.

मी ओरडले, "ओग्नेन! दोर सोड!" पण तो ऐकणार कशाने?

पाणी खाली गेलं. बोटीचं मागचं अंग पाण्याबरोबर खाली गेलं. पुढचं मात्र शिडीला लटकून राहिलं. बोट हळूहळू नाक वर करून उभी राहायला लागली. केक टपावरून घरंगळला आणि मिलिसावच्या छातीवर, सोनेरी फितींसकट, बसला. मिलिसाव मागच्या कोपऱ्यात आपटला. त्याचे पाय वर, टोपी पाण्यात. माझा एक बूट टोपीच्या मागे गेला. हातात जे होतं ते मिलिसावने घट्ट आवळलं, आणि त्याच्या हातात होता तो माइक. बटण दाबलेलं. हे आम्हाला तेव्हा कळलं नाही.

"सुरी!" तो ओरडला. "कप्तानाची सुरी!"

कप्तानाची सुरी त्याच्या पट्ट्याला होती, पांढऱ्या दोरीसकट. गंजून मिटली होती ती उघडेना. मी पर्स दातांत धरली आणि चारी हातापायांवर वर चढले. सीटची पाठ, खोपटाची कड, ओग्नेनची पोटरी, जे सापडेल ते धरत. तेव्हा कुठे त्या ओग्नेनबाळाने डोळे उघडले. खाली बघितलं आणि रेलिंगला मिठी मारली. म्हणजे बोटं कानातून निघाली, तर आता डोकं खांद्यात खुपसून "ला ला ला" म्हणायला लागला.

मी कात्री काढली. दोर तारेसारखा ताणलेला होता. आणि माझ्या डोक्यात आलं की याहून चांगली संधी देव देणार नाही.

"मिलिसाव! नाव रुझा ठेवतोस की नाही?"

"आधी दोर काप!"

"आधी नाव! रुझा! म्हण रुझा!"

"कुमाला धमकी? नाही! बुडालो तरी नाही!"

"बूड मग! तू बूडच! पण मी बोलणार! त्या पोरीने आपली आई पुरली आणि तुझ्यासमोर तिचं नाव काढता येत नाही म्हणून तुला महिनोन्महिने गुलाबाचा मुरंबा चारला! आणि तू आलुबुखार मागतोस! तुझी आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा तू बोटींचे कागद चाळत होतास. तिला आंघोळ कोण घालत होतं? रुझा! तिचे केस कोण विंचरत होतं? रुझा! ती तुझ्या आईला मुलीसारखी झाली, आणि तू तिच्या नातीला प्लास्टिकच्या होडीचं नाव देणार? लाज वाटत नाही?"

खालून उत्तर आलं, बारीक आवाजात पण आलं. "नाही."

सुंभ जळेल, पीळ जायचा नाही. मी आणखी पुष्कळ बोलले असते, पण ओग्नेनचा हात रेलिंगवरून सुटायला लागला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर रक्त उरलं नव्हतं. एका नावापायी पोरीचा बाप घालवायचा? हरले मी. कात्री दोरावर चालवली. ती बाळाची बट कापायची कात्री, जहाजाचा दोर कसा कापणार? कुरतडत कुरतडत एकेक पीळ तुटला, आणि मग सगळाच एकदम.

बोट धप्पकन पाण्यावर आदळली. भिंतीवर घासत गेली तेव्हा कर्रर्र आवाज झाला, आणि नाकाडावरची पितळी पाटी उखडून डुबकन बुडाली. आम्ही तिघं क्रीम आणि पाण्यात एकमेकांवर पडलो होतो. सगळे जिवंत. मिलिसावच्या हातातून माइक सुटला.

आणि रेडिओ बोलायला लागला.

"होडीवरचे कुम," ढकलणाऱ्या बोटीच्या कप्तानाचा जाडा आवाज होता, "तुम्ही बटण दाबून ठेवलं होतं. आम्ही सगळं ऐकलं. पुढच्या बल्गेरियन जहाजानेही ऐकलं. फक्त तुम्ही शेवटी काय म्हणालात ते आमच्या इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. पण आम्ही धरून चालतो की होच म्हणाला असाल. असा कुम नाही म्हणेल? कुम, रुझा नावासाठी अभिनंदन! माझ्याही आईचं नाव तेच."

"लॉककडूनही अभिनंदन," दुसरा आवाज म्हणाला. "रुझाला उदंड आयुष्य मिळो. आणि पुढच्या वेळी तरंगता खुंटा वापरा."

पुढचं दार उघडलं. उजेड आत आला. बार्जांवरची माणसं कठड्याशी येऊन उभी होती. कोणी टोपी हलवत होतं, कोणी राकिया दारूची बाटली उंचावत होतं. "कुमाचा विजय असो! रुझाचा विजय असो!" आणि मग थोराड बोटीने भोंगा दिला, लांबलचक. मागोमाग खालच्या बाजूला थांबलेल्या जहाजांनीही दिला. आमच्या होडीसाठी. जन्मात पहिल्यांदा.

मिलिसाव उठला. गणवेशावर क्रीम, मिशीत अक्रोड. क्षणभर त्याने माझ्याकडे बघितलं, मग त्या सगळ्या माणसांकडे. या माणसाने आयुष्यात शंभर गोष्टींना नाही म्हटलंय, पण सलामीला कधीच नाही. त्याने ताठ उभं राहून कपाळाला हात लावला आणि शेवटचं जहाज मागे पडेपर्यंत तो खाली घेतला नाही.

ओग्नेन डोकं खांद्यात घालून बसला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"काय रे, ऐकलंस की काय?" मी दरडावलं.

"नाही, कुमा," तो म्हणाला. "काहीच नाही. डोळ्यात वारा गेला."

क्लादोव्होच्या चर्चमध्ये आम्ही ओले, चिकट आणि उशिरा पोचलो. पाद्री घड्याळाकडे बघत होते. बाळ मिलिसावच्या हातात दिलं, तर तिने आधी त्याच्या फितीवरचं क्रीम चाखलं. मी शेजारी उभी होते, हातात कात्री घेऊन, कारण बट कापायची होती. लाल रिबीन ओली झाली होती आणि पात्यांत दोराचे निळे धागे अडकले होते.

"बाळाचं नाव?" पाद्रींनी विचारलं.

मिलिसावने बाळाला दुसऱ्या हातावर घेतलं. शपथ घेतली नव्हती त्याने, आणि सलामी काय, सलामी तर कुठल्याही नावाला करता येते. त्याने पोरीकडे पाहिलं. मग कात्रीकडे पाहिलं. मग कुठेतरी वर, मेणबत्त्यांच्या पलीकडे. त्याच्या आईसाठीची मेणबत्ती आम्ही तिथेच लावतो.

"रुझा," तो म्हणाला. आवाज फाटला होता.

मी पुढचं काही ऐकलं नाही. कात्री पाद्रींच्या हातात कोंबली आणि पळाले. बाहेर नाव सांगायला आणखी दोघी धावत होत्या, पायात बूट असलेल्या. एकीला कोपराने ढकललं, दुसरीला शिवी दिली, चर्चच्या पायरीवरच. अंगणात अक्रोडाच्या झाडाखाली आंजेलिया बाकावर बसली होती, हात मांडीत घट्ट धरून. मला एका बुटात धावत येताना बघून ती उभी राहिली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"रुझा," मी म्हटलं.

"काय?"

"रुझा ठेवलं. रुझा!"

तिने माझे दोन्ही हात धरले. "पुन्हा सांगा, कुमा."

मी पुन्हा सांगितलं. आणि मग तिने स्वतः म्हटलं, हळूच, आईला दफन केल्यापासून पहिल्यांदा. मला रडू आवरेना आणि मी आवरलंही नाही. नाव आणणाऱ्याला भेट द्यायची पद्धत आहे. तिने पिशवीतून गुलाबाच्या मुरंब्याची बरणी काढून माझ्या हातात दिली.

जेवणाच्या वेळी मिलिसावने उभं राहून भाषण केलं. म्हणाला, हे नाव त्याने पहिल्याच दिवशी ठरवलं होतं, त्या घरात गुलाबाचा मुरंबा खाल्ला तेव्हाच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी कोकराची फासळी चोखत गप्प बसले. बायको म्हणून एवढं करावं लागतं.

पुढच्या आठवड्यात त्याने बोटीला नवी पाटी ठोकली: रुझा. आता तो तेकियापासून क्लादोव्होपर्यंत भेटेल त्याला सांगतो की ओग्नेनच्या पोरीचं नाव आपल्या बोटीवरून ठेवलंय. आंजेलियाला मी म्हटलं, त्याला जरा खडसावू का? तर ती नको म्हणाली.

संध्याकाळी ती पोरीला कडेवर घेऊन धक्क्यावर येते. होडी समोरून गेली की नव्या पाटीकडे बोट दाखवते आणि मोठ्याने म्हणते, "बघ, रुझा! आजी चालली!" मिलिसावला वाटतं ते आपल्यासाठी आहे. तो ताठ उभा राहतो आणि सलाम करतो.